एकोणिसावं मिनिट

बुडबुडा... नळी जिथे रेग्युलेटरला मिळते तिथे साबणाच्या फेसातून एक बुडबुडा हळूहळू फुगत होता, आधी हरभऱ्याएवढा, मग बोराएवढा, आणि धाकटी जाऊ परसात गुडघ्यांवर बसून त्याच्याकडे बघत होती. म्हणजे गॅस सुटतो आहे. तिनं सिलिंडर बंद केला, पान्यानं जोड आवळला, पुन्हा फेस लावून सिलिंडर उघडला. आता काही फुगेना. तरी तिनं तिसऱ्यांदा फेस लावला. मागच्या दारातून नवरा हसून गेला होता – दुधानं तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो, तू तर पाणीही फुंकायला लागलीस. कुठलं दूध, ते त्याला ठाऊक नव्हतं.

शेगडीच्या एका पायाखाली तिनं फरशीचा तुकडा सरकवला, कारण परस उताराचं, आणि सात बरण्यांनी भरलेला तो दाबाचा काटा असलेला मोठा कुकर सपाट बसला पाहिजे. स्वयंपाकघरातल्या गॅसला त्याचं वजन पेलत नाही म्हणून वर्षभर टिकतील अशा घेवड्याच्या शेंगा बरण्यांत भरून वाफवायचं काम दरवर्षी बाहेर, आणि दरवर्षी दोघींचं. जावाजावांचा हेवादावा लोकांच्या घरी. इथे थोरली आत शेंगा निवडायची, धाकटी बाहेर काटा सांभाळायची. काटा दहाच्या वर गेला की पंचवीस मिनिटं मोजायची. मध्ये घसरला तर मागचं सगळं वाया, पुन्हा पहिल्यापासून. हा नियम तिला थोरलीनंच शिकवला होता.

यंदा आत थोरलीची मुलगी होती. शाळेत शिकवायची, परगावी राहायची, सुट्टी काढून आली होती. काकू, आईसारख्या शेंगा भरायला शिकव, असा तिचा फोन आला तेव्हा धाकटीनं किती कारणं सांगितली – गुडघे दुखतात, शेंगा महाग झाल्यात, नळी जुनी आहे. पुतणी येताना नवी नळीच घेऊन आली. आता काय बोलणार?

जाळ निळा लागला. पुतणीनं बरण्या आणल्या, दोघींनी मिळून त्या कुकरमध्ये उतरवल्या, झाकण आवळलं. काटा चढू लागला, आणि काटा चढताना धाकटीला नेहमी जे होतं ते झालं... मागचं वर्ष आलं.

चौथा घाणा होता. कंबर धरलेली, ऊन डोक्यावर, आणि एकोणिसाव्या मिनिटाला सिलिंडर संपला. काटा सातावर आला. तिनं सिलिंडर बदलला, काटा पुन्हा दहावर नेला आणि... सहाच मिनिटं मोजली. एकोणीस आणि सहा, पंचवीस. शाळकरी पोरालाही पटेल. आतून थोरलीनं विचारलं होतं, "झालं का गं?" आणि ती म्हणाली होती, "झालं."

दोन महिन्यांनी एका दुपारी थोरलीनं बरणी उघडली आणि उभ्याउभ्याच, न उकळता, बोटांनी शेंगा खाल्ल्या. तिची सवयच तशी. उकळून खा असं मी तिला दहादा सांगितलं होतं – सांगितलं होतं ना? की हेही मी मागाहून रचलं? दुसऱ्या दिवशी थोरली उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "आज तू मला दोन-दोन दिसतेस गं." सगळे हसले. एक जाऊ पुरत नव्हती वाटतं, असं तीच वर म्हणाली. संध्याकाळी तिच्या पापण्या उचलेनात, जीभ जड झाली. डॉक्टर म्हणाले अर्धांग. पाचव्या दिवशी ती गेली. या वयात व्हायचंच, असं ज्यानं त्यानं म्हटलं, आणि तिनं काय खाल्लं होतं ते कुणी विचारलंच नाही.

दहाव्या दिवशी धाकटीनं कुकरच्या खोक्यातलं माहितीपत्रक काढून वाचलं. दाब किंवा वेळ कमी पडल्यास बरणीत विष तयार होते; लक्षणे – एकाचे दोन दिसणे, पापण्या जड होणे. त्याच दुपारी उरलेल्या सगळ्या बरण्या तिनं परसात खड्डा करून रिकाम्या केल्या. झाकणं गंजली होती, असं घरात सांगितलं. चोराच्या मनात चांदणं. कुणी चुकून 'शेंगा' म्हटलं तरी तिचा हात थांबायचा. डॉक्टरांचंही खरं असेल. असेलच. पण तेव्हापासून धाकटी स्वतःलाच दोन दिसायची – एक घड्याळाकडे बघणारी, आणि एक तिच्याकडे बघणारी.

"काकू, वारा."

वाऱ्यानं जाळ एका बाजूला कलंडला, फडफडला, विझला. तिनं झटकन पुन्हा पेटवला, पण काटा तोवर आठावर आला होता. पुतणीनं मनगटावरचं घड्याळ पाहिलं.

"एकोणीस झाली होती. म्हणजे सहाच राहिली."

"नाही. पहिल्यापासून."

"सगळी पंचवीस?"

"सगळी."

पुतणी हसली. आई म्हणायची ते खरंच, म्हणाली. काकूच्या हातची बरणी डोळे मिटून उघडावी. धाकटी खाली बसून जाळ बारीकमोठा करत राहिली, आणि काटा परत दहावर आला.

"मागच्या वर्षी पण असं झालं होतं का गं?" पुतणीनं सहज विचारलं.

"झालं होतं."

"मग? तेव्हाही पहिल्यापासून मोजलंस?"

वर्षभर हाच प्रश्न धाकटीनं अंथरुणात, न्हाणीघरात, भांडी घासताना ऐकला होता, आणि त्याची उत्तरं तयार ठेवली होती, एकाहून एक गुळगुळीत. तेवढ्यात वारा पुन्हा सुटला आणि पुतणी आडोशाला पत्रा आणायला कोपऱ्याकडे पळाली. उत्तराची वाट तिनं पाहिलीच नाही. सुटले... असं धाकटीला वाटायला हवं होतं.

पत्रा ओढत आणल्याचा आवाज जवळ येत होता. धाकटीनं मान वर केली. हा प्रश्न कुणी विचारू नये म्हणून तिनं वर्षभर जिवाचा आटापिटा केला होता, आणि आता तिला एकच धास्ती वाटत होती – पोरगी विचारलेलं विसरून गेली तर?