काळा मांडव

शुक्रवारी सकाळी आठ वाजता पौडजवळ कुशाबांच्या शेतात मांडवाच्या काळ्या कापडाची वीतभर पट्टी लायटरने पेटवून पाहण्यात आली. पट्टी जळाली.

पेटवणारा शैलेश आगीच्या सुरक्षेचा सल्लागार होता. त्याने पट्टी खाली टाकली, बुटाने विझवली आणि म्हणाला, "हे कापड लावता येणार नाही."

"सुती हाय, पेटवल्यावर जळणारच की," मांडववाले बाबालाल म्हणाले. "तुमचा शर्ट न्हाई व्हय जळत?"

"काका, माझ्या शर्टाखाली उद्या चारशे माणसं उभी राहणार नाहीत."

कुशाबा हसले, पण एकटेच. बाबालालांची बायको आबेदा खाली वाकली आणि उरलेला तुकडा उचलून बोटांत चुरून पाहू लागली. मांडवाची शिलाई सगळी तिची होती.

नेमा तिच्या शेजारी येऊन उभी राहिली. उद्याचा महोत्सव नेमाचा. ती टांझानियाची. कॉम्प्युटर शिकायला पुण्यात आली, मग हिंजवडीत नोकरीला लागली आणि मारुंजीत भाड्याने राहू लागली. ती इलेक्ट्रिक गिटार वाजवते. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये तिला दरवर्षी पानांचा घागरा घालून नाचायला सांगत. घरी आईला गिटारचा व्हिडिओ पाठवला, तर आई म्हणे, ही गोऱ्यांची गाणी, आपली नव्हेत. नायजेरिया, काँगो, सुदानची अशीच मुले तिला पुण्यात भेटली. कोणी कर्कश रॉक वाजवी, कोणी यंत्रांतून विचित्र आवाज काढी, कोणी भिंतीएवढी चित्रे काढी. वर्षातून एक दिवस आपल्याला हवे तेच करायचे, असे त्यांनी ठरवले. गावात मात्र या महोत्सवाला पहिल्यापासून 'नेमाची जत्रा' म्हणतात.

पहिल्या वर्षी त्यांनी एका रिसॉर्टचे बुकिंग फोनवरून केले होते. मुले दारात उतरली, तेव्हा मॅनेजरने त्यांच्याकडे पाहिले आणि बुकिंगच नसल्याचे सांगितले. स्पीकर भरलेला टेम्पो पौडच्या रस्त्यावर उभा राहिला. नेमा बाबालालांच्या दुकानात ताडपत्री मागायला गेली.

बाबालाल तेव्हा कुशाबांच्या मुलीच्या लग्नाचा मांडव सोडायला निघाले होते. त्यांनी नेमाकडे पाहिले, टेम्पोकडे पाहिले आणि म्हणाले, "ताडपत्री कशाला? मांडव हुबा हाय. उद्या सोडू."

त्या संध्याकाळी गुलाबी झालरीखाली, वधूवरांच्या नावांच्या थर्माकोलच्या पाटीसमोर, नेमाने गिटार वाजवली. पाटी काढायचे कुणाच्या लक्षातच आले नाही. फोटो पाहून तिच्या मित्रांनी तिला लग्नाच्या शुभेच्छा पाठवल्या.

दुसऱ्या वर्षी ती काळा मांडव मागायला आली.

"काळा मांडव आसतो व्हय कुटं?" बाबालाल म्हणाले. "लोक म्हनतील, कोन गेलं?"

"रस्त्यात पोरं मला 'काली, काली' ओरडतात, चाचा," नेमा म्हणाली. "तोच रंग मला वर लावायचा आहे. सगळ्यांना दिसेल असा."

आतून शिलाई मशीनचा आवाज येत होता, तो थांबला. आबेदा दारात आली. "कापड आना," तिने नवऱ्याला सांगितले.

मांडव उभा राहिला आणि दुसऱ्याच तासाला पोलीस आले. त्या दिवशी रस्त्याने एक मंत्री जायचे होते. हवालदाराने शेतातले काळे कापड पाहून विचारले, "कुनाचा निषेध हाय?" कुशाबांनी त्याला बांधावर बसवले, चहा पाजला आणि पटवले की ही गाण्याची पोरे आहेत. हवालदाराला ते पटले. मंत्री जाईपर्यंत कापड खाली उतरवून ठेवा, एवढेच तो म्हणाला. उतरवले आणि पुन्हा चढवले.

पुढे दरवर्षी माणसे वाढत गेली. दिल्ली-बंगळूरची आफ्रिकन मुले येऊ लागली, मग पुण्यातली मराठी मुले, मग परदेशातले वादक. गर्दी वाढली की मांडव अपुरा पडे आणि आबेदा त्याला नवे पट्टे जोडी. काळ्या कापडावर काळा धागा दिसत नाही. ती उन्हाला पाठ करून बसे आणि सुईची वाट बोटाने चाचपून शिवत असे. डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला होता. ती दरवेळी म्हणे, जत्रा होऊन जाऊ दे. या मांडवाला वर्षात दुसरे गिऱ्हाईक नव्हते. लग्नाला तो चालत नाही, साखरपुड्याला चालत नाही. जत्रा संपली की तो घडी होऊन गोदामात जाई.

महोत्सव आबेदाने एकदाच पाहिला होता, तोही स्टेजच्या मागे, खुर्च्यांच्या चवडीवर बसून. नेमाने विचारले होते, "कसं वाटलं, चाची?"

"गानं कसलं, भांडान हाय ते," आबेदा म्हणाली होती. "पर खोटं न्हाई वाटलं."

"दुसरा मार्ग आहे," शैलेश आता सांगत होता. "महाळुंग्याच्या एका कंपनीकडे आग न लागणारा पांढरा तंबू आहे. मी बोलून ठेवलंय. ट्रक भरून उभा आहे, फोन केला की निघेल."

"मागवा," बाबालाल म्हणाले. "आमी खुर्च्या लावतो. पोरीचा कारेक्रम अडायला नको."

"अहो, गप बसा," आबेदा म्हणाली. मग शैलेशकडे वळली. "ह्याच कापडाला काय करता येत न्हाई का, सायेब?"

शैलेश जरा घुटमळला. "एक द्रावण मिळतं. त्यात कापड बुडवून वाळवलं की पेट घेत नाही. पण एवढं कापड बुडवणार कशात? आणि वाळायला हवं. ओलं असताना मी तपासणार नाही."

"पातेली हायेत," ती म्हणाली.

मांडवाबरोबर बाबालाल लग्नाच्या जेवणाची भांडीही भाड्याने देत. नेमा स्कूटर घेऊन पिरंगुटला गेली आणि द्रावणाचे कॅन पायाशी ठेवून परतली. तोवर कुशाबांच्या विहिरीवर भाताची पातेली ओळीने मांडली गेली होती. शैलेश संध्याकाळी पुन्हा येतो म्हणून गेला. तेव्हाही पट्टी जळाली, तर ट्रक निघणार होता.

चौघे कामाला लागले. घडीतून एक पट्टा सोडायचा, बुडवायचा, दोघांनी टोके धरून पिळायचा, कापलेल्या भाताच्या वावरात काठ्यांवर टाकायचा. सुरुवातीच्या वर्षांतल्या कापडाचा रंग सुटू लागला. पातेल्यातले पाणी काळे झाले. आबेदाचे हात कोपरापर्यंत रंगले.

"भाबी, उद्या तुमाला बी स्टेजवर चढावं लागतंय बगा," कुशाबा म्हणाले.

बोलून झाल्यावर त्यांचे लक्ष नेमाकडे गेले आणि ते चपापले. नेमाने आबेदाचा हात आपल्या हाताशेजारी धरला, नीट पाहिला.

"अजून फिका आहे," ती म्हणाली. "पण चाचींना चालेल. त्यांना आत यायला पास नको."

आबेदाला एवढे हसू आले की तिच्या हातातला पट्टा पाण्यात पडला.

दुपारी बाबालाल बायकोजवळ येऊन बसले. "जुनं कापड तपकिरी पडलंय," ते हळूच म्हणाले. "कशाला जिवाला लावून घेती? तंबू तर तंबू. पोरगी काय दूर जानार हाय का?"

"जानार हाय," आबेदा म्हणाली. "नोकरी तिच्या मुलखाला बदलली तिची. मला सांगितलंय. पुढल्या साली दुसरं कुनी करंल ही जत्रा, न्हाई तर न्हाई. ती हाय तवर हा मांडव खाली यायचा न्हाई."

नेमा काठ्यांमधून फिरत पट्टे उलटे करत होती. बाबालाल उठले आणि दुसऱ्या टोकाने उलटे करू लागले.

ऊन कलले. कुशाबांनी खिशातून काडेपेटी काढली. "आपनच बगू का पेटवून? जीव टांगनीला लागलाय."

"न्हाई," आबेदा म्हणाली. "ज्याचं काम त्यानं करावं. आपन आपलं केलंय."

काडेपेटी परत खिशात गेली.

संध्याकाळी शैलेशचा फोन आला. तो हिंजवडीच्या गर्दीत अडकला होता. पुढे कंपन्यांच्या कॅबची रांग होती, गाडी हलत नव्हती. महाळुंग्याच्या ट्रकवाल्याने त्याला दोनदा विचारले होते, निघू का. शैलेश त्याला थांब म्हणाला होता.

"कापड वाळलं का?" त्याने विचारले.

नेमाने फोन हातात धरूनच आबेदाकडे पाहिले. कापड वरून कोरडे झाले होते. जोडाच्या ठिकाणी मात्र ते दुहेरी होते आणि तिथे ओल राहिली होती. आबेदा पहिल्या काठीपाशी उभी होती. शिवण दोन्ही तळव्यांत दाबून धरायची, ऊब द्यायची आणि पुढे सरकायचे, असे तिचे चालले होते.

"वाळतंय म्हनावं," ती म्हणाली.