खोकल्याचं रेकॉर्डिंग

"ह्याच्यात दम नाही," दादा म्हणाला.

धाकटीने कानावरचे हेडफोन गळ्यात उतरवले आणि दोन्ही हात टेबलावर सपाट ठेवले. तिने असे हात ठेवले की समजायचं, आपण भांडायचं नाही असं तिने ठरवलंय. हे ठरवणं साधारण एका वाक्यापुरतं टिकायचं.

"दम म्हणजे काय?"

"दम म्हणजे दम."

"तो कशात मोजतात ते सांग, मी मोजून आणते."

दादाने उत्तरादाखल चहात बिस्किट बुडवलं. ते मोडून आत पडलं, मग चमच्याने ते वर काढायचा खटाटोप सुरू झाला आणि रविवारची दुपार आणखी थोडी वाया गेली.

सगळा घोळ एका गाण्याचा होता. स्विंग जॅझमधलं जुनं, नाचणाऱ्यांना तोंडपाठ असलेलं गाणं. चाल एकच, पण ती वाजवली मात्र शेकडो बँडांनी होती. कुणी धावत, कुणी रांगत, कुणी गायिकेला पुढे करून, कुणी तिला घरी बसवून. एरवी कुणालाही कुठलंही रेकॉर्डिंग चाललं असतं. पण दादा जिथे नाच शिकवायचा त्या हॉलमध्ये तसं चालत नव्हतं.

हॉल होता पडद्यांच्या कापडाच्या दुकानावर. दर गुरुवारी संध्याकाळी दादा तिथे स्विंग शिकवायचा. तिथला एक जुना रिवाज होता: संध्याकाळ कुणाचीही असो, शेवटचं गाणं हेच. रेकॉर्डिंग कोणतं लावायचं ते शिकवणाऱ्याने ठरवायचं, आणि त्या गाण्याला कुणी बसायचं नाही. त्या वेळी मालकीणबाई भिंतीकडचे दिवे एकेक करून बंद करत हॉलला फेरी मारायच्या. दिवे हे निमित्त. बघायच्या त्या भिंतीला लावलेल्या खुर्च्या. शिकवणारा कसा आहे ते आपल्याला एका फेरीत कळतं असं त्यांचं म्हणणं होतं, आणि हॉल त्यांचा असल्यामुळे ते म्हणणं बरोबर होतं.

गेले काही गुरुवार खुर्च्या भरत होत्या.

निवडायचं काम दादाने धाकटीवर सोपवलं होतं. आधी तिने मूळ रेकॉर्डिंग निवडलं, पहिल्या बँडचं. मूळ ते मूळ, असा तिचा हिशेब. ते इतकं जलद होतं की नवशिके पहिल्या फेरीतच हात सोडून पाण्याच्या बाटल्या शोधायला लागले. दादाने त्याचं नाव 'घाईवालं' ठेवलं. पुढच्या आठवड्यात तिने गायिकेचं संथ रेकॉर्डिंग लावलं, मागे व्हायोलिनं असलेलं. नवशिके टिकले, पण जुने लोक जांभया देत बसले आणि एकाने चक्क बुटांच्या नाड्या सोडल्या. ते 'झोपाळू बाई'. त्यानंतर अलीकडच्या एका छोट्या बँडचं, स्वच्छ, नीटनेटकं. पण त्याच्या सुरुवातीला ड्रमवाला एकटाच बराच वेळ स्वतःवर खूश होता, आणि पाय कधी टाकायचा ते न कळून सगळी मंडळी समूहफोटोसाठी थांबल्यासारखी उभी राहिली. मग बसली.

तेव्हा मालकीणबाई दादाला म्हणाल्या होत्या, "टेबल टेनिसवाले गुरुवार मागतायत. त्यांच्यात कुणी बसत नाही. येत्या गुरुवारी बघते आणि त्यांना कळवते."

दादा दिवसा ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायचा. दिवसभर दुसऱ्याच्या चुकांवर ब्रेक दाबत बसायचं, हे त्याचं काम. गुरुवारची संध्याकाळ ही एकच वेळ अशी की तो पाय दाबायचा नाही, उचलायचा. हे धाकटीला माहीत होतं. आणि तिन्ही रेकॉर्डिंगं आपण निवडली होती हेही माहीत होतं. दादाने त्याबद्दल एक अक्षर काढलं नव्हतं, आणि नेमकं तेच तिला सहन होत नव्हतं.

ती वजनकाटे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत होती. दुकानांचे, दवाखान्यांचे, कारखान्यांचे काटे तिच्याकडे यायचे; ती त्यांच्यावर प्रमाणित वजनं ठेवायची आणि काटा किती खोटं बोलतोय ते सांगायची. तसंच तिने गाण्याचंही केलं. मिळतील तितकी रेकॉर्डिंगं गोळा केली, प्रत्येकाची लय मोजली, सुरुवातीची लांबी मोजली, ठेका कुठे ढळतो ते पाहिलं. एवढं करून हाती आलं काय, तर दादाचं "दम नाही."

"बरं, हे ऐक," ती म्हणाली. "शेवटचं. ह्याच्यानंतर तू स्वतः तोंडाने वाजव."

"हे कोणतं?"

"कार्यक्रम चालू असतानाच रेडिओवरून घेतलेलं. सुरुवातीला कुणीतरी खोकतो."

तिने ते लावलं. खरखर झाली, एक माणूस खोकला, आणि बँड जणू कुणाला उठवायचं नाही अशा बेताने सुरू झाला. दादाचा चमचा थांबला. पलीकडे आई कपड्यांना इस्त्री करत होती, तिचा हात गाण्याबरोबर पुढेमागे जायला लागला. हळूहळू बँडला चेव चढला. शेवटी तर ट्रम्पेटवाला आणि ड्रमवाला दोघेही घर गाठायच्या घाईत असल्यासारखे सुटले होते.

"हेच," दादा म्हणाला.

"हे नाही. हे बाद आहे."

"मग ऐकवलंस कशाला?"

"कारण ह्याचा आवाज चांगला आहे. पण लय बघ." तिने लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. पडद्यावर एक रेष सरळ निघून वर चढत गेली होती. "इथे सुरू करतात आणि इथे संपवतात. पहिल्या कडव्यानंतर एकदा पुढे सरकतात, सॅक्सोफोनच्या वेळी पुन्हा, आणि मग धरबंधच नाही. शेवटी घाईवाल्याच्या जवळपास जातात. घाईवाल्याला तुझे नवशिके पळाले होते, आठवतंय?"

"आठवतंय. तूच लावलं होतंस."

म्हणजे निघालंच शेवटी. धाकटीचे हात टेबलावरून उठले.

"म्हणून मी ते दुरुस्त केलंय," ती जरा मोठ्याने म्हणाली. "तेच रेकॉर्डिंग, पण सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच लयीत. मधली. नवशिक्यांना झेपेल, जुन्यांना झोप येणार नाही. प्रत्येक ठोका मोजून जागेवर बसवलाय. खोकलाही काढलाय."

"खोकल्याने काय घोडं मारलं होतं?"

तिने दुरुस्त केलेलं गाणं लावलं. दादा उठला, टेबल आणि कपाटाच्या मधल्या जागेत त्याने दोन-चार पावलं टाकली, एक गिरकी घेतली आणि थांबला. इस्त्रीही थांबली होती, पण ते कदाचित कॉलर आली म्हणून असेल.

"आजारी आहे का हे?" दादाने विचारलं. "नाडी चालू आहे, पण माणूस उठत नाही."

"नाडी अगदी बरोबर आहे."

"तेच म्हणतोय."

"दादा, मला एक तरी वाक्य असं दे ज्याचा काही उपयोग होईल."

"तू नाचून बघितलंस का ह्याच्यावर?"

"मी काटा तपासते तेव्हा काट्यावर जाऊन बसत नाही."

"एकदा बस," आई मध्येच म्हणाली. "महिन्याभरात काय जेवलीयस तू? वजन तरी कळेल."

दादा हसला. धाकटी हसली नाही. तिने लॅपटॉप मिटला आणि गुरुवारी आपलंच गाणं लागेल, नाहीतर दुसरा कुणी शोधा, असं जाहीर केलं. दुसरा कुणी नव्हता. दादाने खांदे उडवले आणि चहाचा गाळ बेसिनमध्ये ओतला.

गुरुवारी हॉल बऱ्यापैकी भरला होता. नवशिक्यांत एक दंतवैद्य आणि तिचा नवरा होता; नवरा दर पावलाला खाली बघायचा, पाय चोरीला जातील अशा काळजीने. जुन्यांत नाड्या सोडणारे ते गृहस्थ होते, रिटायर्ड लिफ्टमेकॅनिक, ज्यांना सगळे मेकॅनिककाका म्हणत. धाकटी नेहमीप्रमाणे कोपऱ्यात, लॅपटॉप आणि दोन स्पीकरांच्या मागे खुर्ची टाकून बसली होती.

शिकवणं नीट पार पडलं. मग दादाने टाळी वाजवली. "शेवटचं गाणं. कुणी बसायचं नाही." त्याने तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत तक्रार नव्हती, विनंतीही नव्हती. शिकाऊ ड्रायव्हरच्या हातात पहिल्यांदा चाक देताना तो बहुधा असाच बघत असावा.

तिने आपलं दुरुस्त केलेलं गाणं सुरू केलं.

सुरुवात छान झाली. सगळे उठले, जोड्या लागल्या, दंतवैद्याच्या नवऱ्यालाही पाय सापडले. मालकीणबाईंनी दाराजवळचा पहिला दिवा बंद केला. धाकटीने श्वास सोडला. पहिलं कडवं संपलं आणि मेकॅनिककाकांनी जोडीदारणीचा हात सौजन्याने परत केला आणि ते बसले.

गुडघा असेल, ती मनाशी म्हणाली. मग आणखी एक जोडी बसली. मग सॅक्सोफोन आला आणि चार-पाच जण एकदम, कुणी ठरवून दिल्यासारखे, भिंतीकडे वळले. नवशिके, जुने, दोन्ही. त्यात काही क्रम नव्हता, आणि तिला राग आला तो ह्याचाच. जलद असतं तर नवशिके बसले असते, संथ असतं तर जुने. हे काय चाललंय? लय मधली आहे. ठोका जागेवर आहे. माणसं मात्र जागेवर नाहीत.

मालकीणबाईंनी दुसरा दिवा बंद केला आणि खुर्च्यांकडे पाहिलं. दादा मधोमध नाचत होता, चेहऱ्यावर हसू, पण ते हसू ड्रायव्हिंगच्या परीक्षेत नापास होणाऱ्याच्या शेजारी बसून हसावं तसं.

धाकटीने पडद्याकडे पाहिलं. तिथे तिची रेष होती, आडवी, निर्दोष. तिच्याखाली, फिकट रंगात, मूळ रेष तिने तुलनेसाठी ठेवली होती. पहिल्या कडव्यानंतर मूळ रेष एक पायरी चढत होती. काका तिथेच बसले होते. सॅक्सोफोनला दुसरी पायरी, आणि तिथेच ते चार-पाच जण. जिथे जिथे बँड पुढे सरकत होता आणि तिने त्याला मागे ओढून बसवलं होतं, तिथे तिथे कुणीतरी बसलं होतं.

तिला स्वतःचा इतका संताप आला की तिने विचार न करता गाणं बंद केलं.

हॉलमध्ये बुटांचे आवाज तेवढे राहिले, मग तेही थांबले. शेवटचं गाणं मध्येच बंद पडल्याचं तिथे कुणी पाहिलेलं नव्हतं. मालकीणबाईंचा हात तिसऱ्या बटणावर तसाच होता.

"लाइट गेली का?" कुणीतरी विचारलं.

"लाइट आहे, मॅडम गेल्या," मेकॅनिककाका म्हणाले.

"चुकीचं लागलं होतं," धाकटी म्हणाली. आवाज तिला हवा होता त्यापेक्षा बारीक निघाला. "हे घ्या."

खरखर झाली आणि एक माणूस खोकला. दंतवैद्याच्या नवऱ्याने मान वळवून मागे पाहिलं, मग आणखी दोघांनी, आणि खोकला स्पीकरमधून आला हे कळल्यावर हॉल हसला. हसताना माणूस बसून राहत नाही. निदान त्या दिवशी कुणी राहिलं नाही. "चला, चला," दादा टाळ्या वाजवत म्हणाला, आणि बँड बेताबेताने सुरू झाला.

इतका हळू की नवशिक्यांना भीती वाटायचं कारण नव्हतं. पहिल्या कडव्यानंतर तो सरकला तेव्हा ते आधीच त्यात होते. सॅक्सोफोनला पुन्हा सरकला. आता दंतवैद्याचा नवरा पायांकडे बघायचं विसरला होता, कारण बघायला सवड नव्हती. चालत्या गाडीतून मध्येच उतरता येत नाही तसं कुणालाही हात सोडायला जागा सापडेना. मेकॅनिककाका घामाघूम झाले होते आणि कुणाला तरी शिव्या देत होते, बहुधा ट्रम्पेटवाल्याला.

मालकीणबाई भिंतीच्या कडेने आल्या. एक दिवा, रिकाम्या खुर्च्या. आणखी एक दिवा, रिकाम्या खुर्च्या. फेरी पुरी करून त्या कोपऱ्यात, स्पीकरांपाशी थांबल्या.

"एक भरलेली आहे," त्या म्हणाल्या.

धाकटीने वळून मागे पाहिलं. मागे भिंत होती.

"बाई, मी गाणं लावते."

"गाणं लागलंय ना? ते आता तुझ्याशिवाय वाजेल. दर गुरुवारी माझ्या मोजणीत एक खुर्ची भरलेली असते, मुली, आणि ती हीच."

तेवढ्यात दादा आलाच. त्याने तिचं मनगट धरलं आणि तिच्या गळ्यातले हेडफोन काढून खुर्चीवर टाकले. "मला येत नाही," ती म्हणाली. "मला माहितीये," तो म्हणाला.

तिला खरंच आलं नाही. हा ठोका तिने दशांशापर्यंत मोजला होता, पुढची पायरी कुठे येणार ते तिला डोळे मिटून सांगता आलं असतं, आणि तरी तिचा पाय दर वेळी नेमका अर्धा ठोका उशिरा पडत होता. तिने दादाच्या बुटावर पाय दिला, मग दंतवैद्याच्या. "एक-दोन मोजू नकोस," दादा ओरडला. "मोजत नाहीये," ती ओरडली, आणि मोजत होती. बँड आता बेभान झाला होता. एकदा, ट्रम्पेट शेवटच्या फेरीत शिरताना, तिचा पाय, ठोका आणि दादाचा हात असे तिन्ही एकत्र पडले, आणि जमिनीने तिला खालून ढकलल्यासारखं वाटलं. ती ते पुन्हा पकडायला गेली, आणि गाणं संपलं.

सगळे धापा टाकत, हसत उभे होते. मालकीणबाई फक्त मधला दिवा ठेवून दाराशी पोचल्या होत्या.

"टेबल टेनिसवाल्यांना नाही म्हणून सांगते," त्या दादाला म्हणाल्या. "पण पुढच्या गुरुवारी कोपऱ्यात खुर्ची ठेवू नका. गाणं उभ्याने लावता येतं."

दादाने तिच्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते बघायला तिला वेळ नव्हता. ती लॅपटॉपकडे निघाली होती, कपाळावर आठी, बुटाची नाडी सुटलेली.

"परत लावते," ती म्हणाली. "ते एकदाच जमलं. शेवटच्या फेरीत. ते कसं झालं ते मला—"

"शेवटचं गाणं एकदाच," मालकीणबाई म्हणाल्या. "आज तू आधीच दीड वेळा वाजवलंयस."

आणि त्यांनी मधला दिवाही बंद केला.