एकविसावा डबा

श्रीरंग वाकणकर एकदा म्हणाले की म्हणाले. त्यांची चौतीस वर्षं जर्मनीत र्युसेल्सहाइमच्या कारखान्यात गाड्यांच्या दरवाज्यांच्या बिजागऱ्या तपासण्यात गेली. तिथे 'चालेल' हा शब्द चालत नसे, आणि घरीही त्यांनी तो कधी चालू दिला नाही. त्यामुळे मुलीने, क्षितिजाने, फोनवर विषय काढला तेव्हा त्यांनी उडवाउडवी केली नाही. ती म्हणाली, बाबा, आईला जाऊन दोन वर्षं होतील, आता तिची खोली आवरू या आणि तुम्ही इकडे उंटरश्लाइसहाइमला आमच्याजवळ राहायला या. वाकणकरांनी जरा विचार केला आणि शब्द दिला, "आईचे डबे पूर्ण जमले की आवरू."

क्षितिजाने कपाळाला हात लावला. पण बापाने शब्द दिला होता आणि तो पाळला जाणार हे तिला ठाऊक होतं, म्हणून तिने ते मान्य केलं.

आता हे डब्यांचं प्रकरण काय ते सांगायला हवं. बारा-तेरा वर्षांपूर्वी पुण्याला गेल्या असताना वाकणकरांच्या पत्नी अहिल्याबाईंनी तुळशीबागेतून स्टीलचे एकवीस डबे घेतले आणि प्रत्येकावर नाव घालून घेतलं, 'सौ. अहिल्या वाकणकर'. दुकानातला माणूस ते गुरगुरणारं यंत्र घेऊन तासभर बसला होता, आणि वाकणकर बाहेर उभे राहून, एवढं ओझं विमानात कोण नेणार, म्हणून कुरकुरत होते. नेलं अर्थातच त्यांनीच. मग ते डबे जे फिरायला लागले ते थांबलेच नाहीत. कुणी आजारी पडलं, धाड डबा. कुणाचा पोरगा शिकायला नवा आला, धाड डबा. बाळंतिणीला अळिवाचे लाडू, म्हाताऱ्याला मऊ खिचडी. आणि आपल्याकडे डबा रिकामा परत करायची रीत नाही, त्यामुळे गेलेला डबा कुणाची तरी चकली, कुणाचं तरी लोणचं घेऊन घरी यायचा आणि दोन दिवसांत पुन्हा बाहेर पडायचा. अहिल्याबाई हृदयविकाराने अचानक गेल्या तेव्हा घरात चार डबे होते. सतरा बाहेर होते.

घरात जे होतं त्यातलं तर काहीच हललं नव्हतं. खोलीत दोन कपाटं भरून साड्या, तीन चष्मे, मुदत संपलेल्या गोळ्या, भिंतीवर दोन वर्षांपूर्वीचं कॅलेंडर. दाराशी त्यांचे हिवाळी बूट. खाली केलरमध्ये, म्हणजे तळघरात, जॅमच्या रिकाम्या बाटल्या छतापर्यंत. शेवटची खरेदीची यादीसुद्धा वाकणकरांनी फ्रिजवरून काढली नव्हती. दर शनिवारी ते सगळ्यावरची धूळ पुसत आणि प्रत्येक वस्तू होती तिथेच परत ठेवत. तेवढ्याने भागलं नाही म्हणून आता बाहेर गेलेलंही घरी आणायचं होतं.

खरं सांगायचं तर डबे ही सबब होती, आणि हे वाकणकरांनाही कळत होतं. डबे जमेपर्यंत खोली आवरावी लागणार नव्हती. पण त्यांना ते डबे हवेही होते, अगदी जिवापाड. नाव घातलेली वस्तू परक्या घरात पडून राहते हे त्यांना सहन होत नव्हतं. एकवीस म्हणजे एकवीस.

त्यांनी मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नोटीस टाकली. 'कै. सौ. अहिल्या वाकणकर यांचे नाव असलेले स्टीलचे डबे ज्यांच्याकडे असतील त्यांनी कळवावे. स्वतः येऊन घेऊन जाईन.' लोक हळहळले. कुणी म्हणालं, बिचारे काका. कुणी म्हणालं, म्हातारा जरा सरकलाच. पण 'नाही' कोण म्हणणार? वाकणकर पाठीला सॅक लावून निघाले. एस-बानने, म्हणजे लोकल गाडीने, फ्रँकफर्ट, माइन्झ, डार्मस्टाट सगळं पालथं घातलं. आणि रिकामा डबा कुणी द्यायला तयार होईना. गुळपोळ्या, मेतकूट, शंकरपाळे घेऊन ते घरी येत, ते सगळं दुसऱ्या भांड्यात काढत, डबा घासून पुसून अहिल्याबाईंच्या कपाटाच्या खालच्या फळीवर ठेवत. झाकण बंद. चार महिन्यांत सोळा डबे परत आले.

एका ठिकाणी मात्र त्यांना ऐकून घ्यावं लागलं. मनोरमाबाई अहिल्याबाईंच्या तीस वर्षांच्या मैत्रीण, फ्रँकफर्टला राहतात. त्यांच्याकडे डब्यात चहाची पूड होती. त्यांनी ती मुकाट्याने वाडग्यात ओतली, डबा धुतला, पुसला, त्यात करंज्या भरल्या आणि वाकणकरांपुढे ठेवला. मग म्हणाल्या, "श्रीरंगराव, तुमची ती बायको होती. आमची कुणीच नव्हती का?"

वाकणकरांनी डबा सॅकमध्ये टाकला आणि तडक निघाले. गाडीला वीस मिनिटं होती. ती त्यांनी फलाटावर उभ्याने काढली.

उरला एक. तो शुभाकडे होता, याची त्यांना खात्री होती. शुभा फ्रँकफर्टच्या एका बँकेत कॉम्प्युटरचं काम करते. पूर्वी ती वाकणकरांच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहायची. पाच वर्षांपूर्वी तिची मुलगी उर्जा झाली, तिची आई काही पुण्याहून वेळेवर येऊ शकली नाही, आणि अहिल्याबाईंनी सव्वा महिना तिचं बाळंतपण केलं. अळिवाच्या लाडवांचा डबा तेव्हाचा. वाकणकरांनी चारदा फोन केला आणि चारही वेळा शुभा म्हणाली, "शोधते हं काका." पाचव्या वेळी त्यांनी फोन केलाच नाही. शुक्रवारी संध्याकाळी सरळ तिच्या दारात जाऊन उभे राहिले.

शुभाने दार उघडलं आणि तिचा चेहरा उतरला. त्यांना आत बसवलं, पाणी दिलं, आणि मग ती अपराध्यासारखी खरं बोलली. डबा हरवला नव्हता. उर्जा तो रोज कीटामध्ये, म्हणजे तिच्या बालवाडीत, नेते. दुसरा डबा दिला तर जेवतच नाही. काकांना कसं सांगावं तेच कळेना, म्हणून आपण खोटं बोललो.

उर्जा टेबलाशी बसून त्याच डब्यातली उरलेली काकडी खात होती. शुभाने तिच्यापुढून डबा उचलला आणि धुवायला नेला. डब्याच्या एका बाजूला पोचा आला होता. वाकणकरांनी तो लगेच टिपला आणि त्यांना रागही आला. मुलीने त्यांच्याकडे पाहिलं. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तरं जर्मनमध्ये येतात. ती म्हणाली, तुम्ही अहिल्याला घेऊन जाणार का?

वाकणकरांना वाटलं, आपण काहीतरी चुकीचं ऐकलं. त्यांनी शुभाकडे पाहिलं. शुभाने मागे न वळता सांगितलं की, कीटामध्ये सगळ्यांचे डबे प्लॅस्टिकचे, कुणाच्या डब्यावर ट्रॅक्टर, कुणाच्या युनिकॉर्न. हिच्या डब्यावर चित्र नाही, नुसतीच अक्षरं. पोरांनी विचारलं, काय लिहिलंय? हिने मला विचारलं, मी सांगितलं. तेव्हापासून डब्याचं नाव तेच पडलं.

मग उर्जाने सविस्तर माहिती दिली. अहिल्या फार जोरात वाजते. झाकण पडलं की सगळे दचकतात. सोमवारी अहिल्यात सफरचंद असतं, मंगळवारी पराठा. लुकासला एकदा अहिल्या धरायची होती तर तिने दिली, पण पाडली त्याने, तो पोचा त्याचाच. आणि ती टेबलावर राहिली की त्यांच्या बाई मोठ्याने विचारतात, अहिल्या कुणाची राहिली? मग सगळी मुलं ओरडतात, उर्जाची!

"काय म्हणतात बाई?" वाकणकरांनी विचारलं.

तिने पुन्हा सांगितलं. त्यांनी आणखी एकदा विचारलं, आणि तिने न कंटाळता आणखी एकदा सांगितलं.

वाकणकरांनी बायकोला उभ्या जन्मात नावाने हाक मारली नव्हती. 'अगं' म्हणत, 'ऐकलंस का' म्हणत. लग्नात एक उखाणा घेतला तेवढाच, तोही मित्राने चिठ्ठीवर लिहून दिलेला. आणि ती गेल्यापासून तर लोक 'काकू' म्हणत, मुलगी 'आई' म्हणे, ते स्वतः 'ती' म्हणत. दोन वर्षांत त्यांच्या घरात ते नाव कुणी उच्चारलं नव्हतं. इथे वीस जर्मन पोरांमध्ये ते मोठ्याने पुकारलं जात होतं. वाकणकरांना रडू आलं, आणि ते रडले. पोरीसमोर, अगदी उघड.

उर्जाने त्यांचं रडणं संपेपर्यंत वाट पाहिली. तोवर शुभाने डबा पुसून त्यात चिवडा भरला आणि त्यांच्यापुढे ठेवला. मुलीने हट्ट केला नाही. फक्त विचारलं, तुम्ही यात काय ठेवणार?

हा माणूस खोटं बोलू शकत नाही, तेच तर त्याचं दुखणं. घरी वीस डबे फळीवर होते, घासलेले, पुसलेले, झाकणं लावलेले. त्यांत काहीच नव्हतं.

"काही नाही," ते म्हणाले.

उर्जाला हे अजिबात पटलं नाही. डब्यात काही ठेवायचं नसेल तर डबा कशाला हवा, असं तिने अगदी सरळ विचारलं. शुभा तिला दटावणार होती, पण वाकणकर म्हणाले, "गेनाऊ. बरोबर आहे तिचं." त्यांनी कागदाची पिशवी मागितली, चिवडा तीत ओतून घेतला, आणि डबा मुलीच्या हातात दिला. शुभा, काका असं नका करू, म्हणत राहिली. त्यांनी बूट घातले आणि निघाले.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. धूळ पुसायचा वार. वाकणकरांनी कपडा घेतला, खोलीत गेले, आणि खालच्या फळीवरचा मनोरमाबाईंकडून आणलेला डबा उचलून स्वयंपाकघरात आले. तो परत द्यायचा होता, आणि रिकामा देता येत नव्हता. इथेच घोडं अडलं. या माणसाला चहापलीकडे काही येत नाही. शिऱ्याची कृती मोबाइलवर पाहिली, रवा मोजून घेतला, साखर मोजून घेतली, आणि एवढं करून शेगडी मात्र पूर्ण तापवून ठेवली. शिरा खालून लागला. वरचा वरचा काढून त्यांनी डब्यात भरला आणि एस-बान पकडली.

मनोरमाबाईंनी झाकण उघडलं, वास घेतला आणि म्हणाल्या, "करपलाय."

"हो," वाकणकर म्हणाले. मग जे बोलायला आले होते ते दारातच, उभ्याउभ्या बोलून टाकलं. "माझं चुकलं. ती तुमचीही होती. हा डबा आता इथेच राहू दे."

 मनोरमाबाईंनी दोन चमचे आणले आणि दोघांनी तो करपट शिरा संपवला. चांगला नव्हताच.

रविवारी क्षितिजाचा फोन आला. ती डब्यांचं नाव काढायला घाबरत होती, पण शेवटी विचारलंच, तो शेवटचा मिळाला का? मिळाला, असं ते म्हणाले. म्हणजे झाले एकवीस? नाही, ते म्हणाले, एकोणीस आहेत. आणि अजून कमी होतील, दर आठवड्याला एकेक परत पोचवणार आहे, फक्त तू मला शिरा नीट करायला शिकव.

क्षितिजाला वाटलं, संपलं. आता डबे कधीच पूर्ण होणार नाहीत आणि खोलीही कधी आवरली जाणार नाही. तिचा आवाज रडवेला झाला. ती म्हणाली, "म्हणजे बाबा, तुम्ही येणार नाही."

"शब्द पूर्ण डब्यांचा होता, तो मोडला," वाकणकर म्हणाले. "आता दुसरा देतो. येत्या शनिवारी ये. खोकी घेऊन ये, भरपूर आण. साड्या तूच काढ, मला हात लावायचं धैर्य व्हायचं नाही. पण मी तिथेच बसून राहीन." मग ते म्हणाले, "अहिल्याची खोली आवरायला घेऊ."

 बापाच्या तोंडून आईचं नाव क्षितिजाने जन्मात पहिल्यांदा ऐकलं.