लाल दारामागचा आवाज

सन दोन हजार पंचवीस, ऑगस्टची एकोणतीस तारीख, शुक्रवार, गणेशोत्सवाचा तिसरा दिवस. वेळ सायंकाळी सहाची. स्थळ बदलापूर पश्चिम, हेंद्रेपाड्यातील एका गृहनिर्माण संस्थेचे तळमजल्यावरील सभागृह. माझ्या आयुष्याचा निकाल त्या दिवशी तेथे लागायचा होता. तो कसा लागला हे सांगण्यापूर्वी मी कोण, हे सांगणे क्रमप्राप्त आहे.

मित्रांनो, मी एक जुना कीबोर्ड आहे. मूळचा पांढरा, आता जुन्या वहीच्या पानासारखा पिवळट. माझी वायर जाड असून तिच्या टोकाला गोल पिन आहे. ती आजच्या यंत्रांना बसत नाही. अंगावरच्या एकशे चार कळांपैकी बहुतेकींची अक्षरे अजून वाचता येतात. फक्त वर जाणारा बाण पूर्ण पुसला गेला आहे आणि डाव्या कोपऱ्यातली, गोळी झाडण्याची कळ, मधोमध खोलगट झाली आहे. माझा इतिहास ज्याला तपासायचा असेल त्याने या दोन खुणा पाहाव्यात. बाकी सारा तपशील त्यांच्या पुराव्याला जोडता येतो.

मी कोणत्या कारखान्यात घडलो ते मला ठाऊक नाही. पाठीवरचा कागद केव्हाच निघाला. मला आठवते ते उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधले एक अरुंद दुकान. दोन हजार साली तेथून कमळाकरांनी मला, एका पडद्याला आणि एका जड डब्याला एकत्र विकत घेतले. कमळाकर अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात रात्रपाळीचे वायरमन होते. मुलगा उन्मेष सातवीत होता, त्याने कॉम्प्युटर शिकावा ही त्यांची इच्छा. दुकानातल्या सिंधी शेठनी आपणहून त्यात एक खेळ घालून दिला. "लडका खेलेगा तो हाथ बैठेगा," ते म्हणाले. हात बसला, परंतु लडक्याचा नव्हे.

खेळ अगदी साधा होता. एक भुयार, त्यात एकटा माणूस, हातात बंदूक, अंधारातून धावत येणारे राक्षस. आणि रंगीत दारे, ज्यांच्यासाठी त्याच रंगाच्या किल्ल्या शोधून आणाव्या लागत. हे सर्व मी ऐकीव माहितीवरून सांगतो आहे. मी आडवा पडून असतो, माझे तोंड वर. त्यामुळे पडदा मी कधीच पाहिला नाही. मी पाहिला तो पडद्यासमोरचा चेहरा. राक्षस मला बोटांतून कळला.

आणि तो मी ऐकलाही नव्हता. अंबरनाथ पूर्वेला चाळीतली एक खोली हे आमचे घर. कमळाकर सकाळी सातला कामावरून येत, जेवत, आणि नऊ ते चार झोपत. दिवसा त्या खोलीत आवाज करायचा नाही, हा नियम कोणी केलेला नव्हता, तो होता. कुकरच्या शिट्या ते येण्याआधी होऊन जात. शेजारणी दारातून हाक न मारता हाताने खूण करत. स्पीकर आले तसे खोक्यासकट माळ्यावर गेले. माझ्या कळांची टकटक उरली, तर कमळाकरांच्या पत्नी वेणूबाईंनी माझ्याखाली जीन्सचा एक जाड तुकडा चौघडी करून घातला. उल्हासनगरच्या कारखान्यांतून शिवलेल्या पँटींचे गठ्ठे त्या घरी आणत आणि शिवणीबाहेर लोंबणारे धागे कापून देत. तो तुकडा त्यातलाच. आज पंचवीस वर्षे तो माझे अंथरूण आहे.

उन्मेष लाल दारापाशी अडला. दार उघडले की कोणीतरी त्याला मारून टाकी. आठ दिवस त्याने वैताग केला, तोही कुजबुजत. नवव्या दिवशी दुपारी तो शाळेत असताना गठ्ठा लवकर संपला, आणि वेणूबाई चटईवरून उठून माझ्यासमोर बसल्या. कात्रीने कठीण झालेली दोन बोटे माझ्यावर आली. पहिले काही दिवस त्या लगेच मरत. काही दिसले की थांबत, नीट पाहत, आणि पाहतापाहता संपत. मग एका दुपारी बोटांनी थांबणे सोडले. संध्याकाळी उन्मेष घरी आला तेव्हा लाल दार उघडलेले होते. त्याने विचारले, हे कोणी केले? वेणूबाई कणीक मळता मळता हळूच म्हणाल्या, "उभं राहिलं की मरतो तो. फिरत राहिलं की काही नाही."

मित्रांनो, या खेळांविषयी विद्वान काय म्हणतात ते मी ऐकले आहे. हे आरडाओरड्याचे, रक्तपाताचे खेळ. यांत बुद्धीला काम नाही. मी पंचवीस वर्षांचा साक्षीदार असल्याने मला हे मत मान्य नाही, आणि का, ते मी सांगतो. भीतीला बसायला जागा लागते. आजारपण, बंद कारखाना, न आलेले पत्र, या गोष्टी माणसाच्या उशाशी ठाण मांडून बसतात आणि समोर कधी येत नाहीत. या जुन्या धावत्या खेळातला राक्षस सरळ समोरून येतो. तो काय करणार हे ठाऊक असते आणि आपण काय करायचे हेही. सल्ला द्यायला कोणी थांबत नाही, गोष्ट सांगायला कोणी अडवत नाही. पाय चालू ठेवायचे, पाठ भिंतीला लावायची नाही, किल्ली आठवणीत ठेवायची. खेळ वेगवान असतो तो याचसाठी, की भीतीला बसायला पाट मिळू नये. हे मी तर्काने ठरवलेले नाही. कमळाकरांचा कारखाना एकदा सात महिने बंद होता. त्या सात महिन्यांत वेणूबाईंची बोटे माझ्यावर यायची तेव्हा बर्फासारखी गार असत, आणि वीस मिनिटांनी उठताना उबदार. यापेक्षा वेगळा पुरावा माझ्याकडे नाही, आणि मला तो पुरेसा वाटतो.

मी त्या काळाचा ऋणी आहे. गठ्ठा संपल्याशिवाय त्या माझ्याकडे आल्या नाहीत आणि हात धुतल्याशिवाय मला शिवल्या नाहीत. दर दिवाळीला माझ्या कळांमधली धूळ त्यांनी जुन्या दाढीच्या ब्रशने काढली. उन्मेष मोठा झाला, नोकरीला लागला, येता-जाता चिडवू लागला, "आई राक्षसांना पण धाग्यासारखं कापते." त्यांना ते आवडे.

या वर्षी मे महिन्यात चाळ सुटली. उन्मेषने हेंद्रेपाड्यात घर घेतले आणि आई-वडिलांना नेले. नव्या घरात हॉलच्या खिडकीपाशी एकच मोकळी जागा होती. कमळाकर निवृत्त झाले तरी दिवसा झोपण्याची सवय गेली नव्हती आणि त्यांना वारा लागे, म्हणून तेथे त्यांची खाट लागली. आतल्या खोलीत प्लगजवळ टेबलाला जागा नव्हती. मी, माझा पडदा आणि तो डबा चादरीत बांधून गॅलरीत गेलो. तीन महिने माझ्यावर कोणाचे बोट पडले नाही. गणपती झाले की भंगारवाल्याला द्यायचे, असे ठरले.

वेणूबाईंनी एकदाच विचारले, कुठे कोपरा निघेल का. उन्मेष वाईट मुलगा नाही. त्याने खरोखर टेप घेऊन मोजले. जागा निघाली नाही.

तेव्हा त्याची मुलगी जिज्ञासा मध्ये पडली. ती आठवीत आहे. तिच्या वयाच्या मुलांना हे जुने खेळ पुन्हा आवडू लागले आहेत. तिने संस्थेच्या उत्सवात कॅरम आणि रांगोळीबरोबर हाच खेळ स्पर्धेला लावला होता. संस्थेचे सचिव शरदचंद्र, निवृत्त शिक्षक, यांनी आधी हरकत घेतली होती, की बाप्पासमोर राक्षस कशाला. "काका, बाप्पानं पण राक्षसच मारले की," असे ती म्हणाल्यावर त्यांनी चष्मा पुसला आणि स्वतःच्या अक्षरात सात नियम लिहून दिले. पहिला टप्पा चार मिनिटांत पूर्ण करणे, संधी तीन, कीबोर्ड स्वतःचा आणावा. जिज्ञासाने आजीचे नाव घातले. उन्मेष हसून म्हणाला, "वेळेत पूर्ण केलंस तर बाबांची खाट मी आत नेतो. नाहीतर भंगार. बोल." कमळाकर खाटेवर पडून पंख्याकडे पाहत होते.

अशा रीतीने मी त्या शुक्रवारी सभागृहात पोहोचलो, माझ्या अंथरुणासकट. गोल पिनसाठी जिज्ञासाने जोडणी आणली होती. आधीची मुले रंगीत दिवे लागणारे कीबोर्ड घेऊन आली होती, माझ्याकडे पाहून एकाने विचारले, "आजी, हा वर्षश्राद्धाचा का?" वेणूबाई म्हणाल्या, "तुझं झालं की सांगते."

मग खेळ सुरू झाला, आणि आरतीच्या मोठ्या स्पीकरमधून आवाज आला.

तो गुरगुराट होता; ओल्या घशातला, दाराच्या पलीकडून येणारा. जिज्ञासाने प्रेक्षकांसाठी आवाज जोडला होता आणि त्यात गैर काहीच नव्हते. परंतु वेणूबाईंनी तो आजवर ऐकला नव्हता. मी वर पाहिले. पंचवीस वर्षांत न पाहिलेला चेहरा मी पाहिला. बोटे गार पडली, थांबली, आणि पहिल्याच दालनात सारे संपले. दुसऱ्या संधीत त्या लाल दारापर्यंत गेल्या. मागून डरकाळी आली, त्या दचकून वळल्या, आणि पुन्हा संपल्या. मुले हसली. उन्मेष मात्र हसला नाही.

जिज्ञासाने खाली वाकून विचारले, आवाज बंद करू का. शरदचंद्रांनी नियमांचा कागद पुन्हा वाचला आणि सांगितले की आवाजाविषयी नियम नाही, तेव्हा बंद करण्यास हरकत नाही. वेणूबाईंनी कपाळावरचा घाम पदराने टिपला.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं मुकाट खेळले. आता ऐकून घेते, काय म्हणतायत ते."

तिसरी संधी माझ्या आयुष्यातली सर्वांत सुंदर चार मिनिटे होती. पहिल्या गुरगुराटाला बोटे गारच होती, पण चालत राहिली. दुसऱ्याला ती आधीच वळलेली होती. आवाज शत्रूची बातमी आधी आणून देतो, हे त्यांना उमगले. पुसलेला बाण खाली गेला तो वर आलाच नाही. त्या घाबरलेल्या होत्या आणि धावत होत्या. आणि त्यांच्या चेहऱ्यावर दोन्ही एकाच वेळी दिसत होते. इतकी वर्षे त्यांना खेळातला वेग मिळाला होता, भय आज मिळाले. लाल दार उघडले. शेवटची डरकाळी उठली तेव्हा त्या मोठ्याने हसल्या, घरात कधी हसल्या नव्हत्या इतक्या मोठ्याने. टप्पा संपला.

शरदचंद्रांनी घड्याळ पाहिले आणि मान खाली घातली. चार मिनिटे, अकरा सेकंद. नियमानुसार अपात्र.

मित्रांनो, पुढचा निकाल सांगण्यापूर्वी माझी एक विनंती ऐका. तुमच्या घरात एखादी जुनी वस्तू पडून असेल तर ती फेकण्याआधी उलटसुलट करून पाहा, ती कोठे झिजली आहे. झीज कोणाच्या तरी बोटांची असते. आणि तिच्याखाली एखादे फडके दुमडून ठेवलेले आढळले, तर ते का ठेवले होते हे घरात विचारा. मला सांभाळणारी होती, म्हणून हे मी सांगू शकलो. या भाग्याबद्दल मी कृतज्ञ आहे, आणि भंगारात गेलो असतो तरी असतोच.

कमळाकर मागच्या रांगेत खुर्चीवर बसले होते. ते उठून पुढे आले. त्यांनी आधी स्पीकरकडे पाहिले, मग माझ्याखालच्या जीन्सच्या तुकड्याकडे. तो त्यांनी दोन बोटांनी चाचपला.

"हे सगळं माझ्या उशाशी चालू होतं?" त्यांनी विचारले.

"रोज," वेणूबाई म्हणाल्या. "तुम्ही घोरत होतात. तेवढाच आवाज."

उन्मेष काहीतरी बोलणार होता, अकरा सेकंदांचे काही नाही असे बहुधा. कमळाकरांनी त्याला हातानेच थांबवले, चाळीतल्या शेजारणी खूण करत तसे.

"खाट आत जाईल," ते म्हणाले. "कॉम्प्युटर खिडकीपाशी. आणि आवाज चालू ठेवायचा."