वाऱ्याला पडलेलं नाव

बारशाच्या सकाळी शिवकन्या वडीगोद्रीच्या फाट्यावर एसटीतून उतरली आणि गावाकडे जाणाऱ्या काळीपिवळीत बसली. पिशवीत चांदीचे वाळे होते आणि तिनं स्वतः शिवलेली कुंची. वडिलांना जाऊन चार महिने झाले होते, भावाचं बाळ बारा दिवसांचं होतं. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. नाव कोणतं ठेवायचं हा प्रश्न तिच्या लेखी सुटलेला होता. काकासाहेब. आबांचंच नाव.

भावजय, बेबीनंदा, फोनवर चाचरली होती. सासऱ्याचं नाव आपण घेत नाही, मग पोराला हाक कशी मारायची, असं तिचं म्हणणं. शिवकन्या हसून म्हणाली होती, तू आपलं बाळ्या म्हण. औरंगाबादेत कॉलेजच्या ग्रंथालयात ती बावीस वर्षं ग्रंथपाल होती आणि वाचलेलं कुणाला तरी सांगितल्याशिवाय तिला चैन पडत नसे. त्याच फोनवर तिनं बेबीनंदाला सांगितलं होतं की आता आपल्याकडच्या समुद्रातल्या वादळांनाही नावं देतात, आणि परदेशात तर एखाद्या वादळात फार माणसं गेली की ते नाव यादीतून कायमचं काढून टाकतात. बेबीनंदानं बाळ रडतंय म्हणून फोन ठेवला होता. 

काळीपिवळीत तिच्या समोर दोन बाया बसल्या होत्या. तिला ओळखत नव्हत्या. एक म्हणाली, औंदा तरी घरावर पत्रे टाकायचे.

"आमचं छप्पर काकासाहेबात गेलं, ते अजून तसंच हाय."

"आमची बाभळ बी काकासाहेबातच पडली," दुसरी म्हणाली. "पण छपराचं काय घेऊन बसली. दोन बाया खाल्ल्या की त्यानं."

दोघी अगदी सहज बोलत होत्या, जसं कुणी दुष्काळाबद्दल किंवा गारपिटीबद्दल बोलावं. शिवकन्येनं पिशवी दोन्ही हातांनी घट्ट धरली. गाव येईपर्यंत तिला बाहेरचं काही दिसलं नाही.

आई, गोजरबाई, ओसरीवर घुगऱ्यांचे हरभरे निवडत होती. शिवकन्येनं चप्पलही न काढता बायांच्या त्या बोलण्याचा अर्थ विचारला. आईचे हात थांबले. नवऱ्याचं नाव तिनं जन्मात घेतलं नव्हतं, म्हणून गावानं त्या वाऱ्याला ठेवलेलं नावही तिच्या तोंडून कधी निघालं नव्हतं. ती 'ते वारं' म्हणायची. तिनं खाली बघत सगळं सांगितलं.

आबा रोज रेडिओवर हवामान ऐकायचे आणि मारुतीच्या देवळातल्या भोंग्यावरून गावाला सांगायचे, हे शिवकन्येला माहीत होतं. लोक त्यांच्या सांगण्यावर पेरायचे, फवारायचे. गेल्या दिवाळीआधी बंगालच्या उपसागरातलं वादळ मराठवाड्यापर्यंत येणार, असं चार दिवस चाललं होतं. बाया वेचणीला जात नव्हत्या, कापूस बोंडांत लोंबत होता. त्या दिवशी दुपारी आबांनी भोंग्यावरून सांगितलं की वादळ विरलं, आता भ्यायचं कारण नाही. बाया शेतात गेल्या. चारच्या सुमाराला वारं आलं. विहिरीजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये पाच जणी शिरल्या, आणि शेड पडलं. साळूबाईची सून गिरिजा गेली. दुर्गाबाई गेली. तेव्हापासून गाव त्या वाऱ्याला आबांच्या नावानं ओळखू लागलं.

दोघी गेल्याचं शिवकन्येला तेव्हाच कळलं होतं. भोंग्याचं कुणी सांगितलं नव्हतं. त्या आठवड्यात तिनं फोन केला, तेव्हा आबा एवढंच म्हणाले होते, "वारं सुटल्तं. आता ठीक हाय." नंतर त्यांनी रेडिओ लावणं सोडलं. चैत्रात गेले.

"पण रेडिओनं असं चुकीचं कसं सांगितलं?" शिवकन्येनं विचारलं.

आईनं सूप खाली ठेवलं. "रेडिओ बराबर सांगत होता. वारं येणार म्हणूनच सांगत होता. ते म्हणले, रेडिओचं ऱ्हाऊ दे, पोरीनं छापलेलं वाचलंय."

शिवकन्या खाली बसली. त्या सकाळी ग्रंथालय उघडल्याबरोबर तिनं पेपर चाळला होता. वादळ कमकुवत, किनाऱ्यावरच विरणार. आबांना बरं वाटेल म्हणून तिनं लगेच फोन करून बातमी वाचून दाखवली होती. पेपर आदल्या रात्री छापलेला. पेपर म्हणजे कालची गोष्ट, हे ती दरवर्षी नव्या मुलांना सांगत आली होती.

"तुझं नाव काढायचं न्हाई, अशी शपथ घातल्ती मला," आई म्हणाली. "सगळं आपल्यावर घेतलं."

दुपारी पाळण्याभोवती बाया जमल्या. बेबीनंदा बाळाला मांडीवर घेऊन खाली मान घालून बसली होती. आता शिवकन्येला तिची अडचण कळत होती. शाळेत पोराला वादळ म्हणून हाक मारतील. साळूबाई आली होती. चौकटीला टेकून ती उभी होती. आत्यानं बाळाच्या कानाशी वाकायचं आणि बाकीच्यांनी हसत तिच्या पाठीत धपाटे घालायचे, अशी रीत. बाया हात चोळत तयार होत्या. एकीनं विचारलंही, आत्याबाई, नाव तरी ठरलंय का?

शिवकन्या वाकली नाही. ती साळूबाईकडे वळली.

"साळूकाकू, त्या दिवशीची बातमी माझी होती. मी फोनवर आबांना सांगितली. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला."

हसणं थांबलं. साळूबाई तिच्याकडे बघत राहिली. मग तिनं आईकडे बघितलं. गोजरबाईनं पदर तोंडाला लावला होता.

"साल होत आलं," साळूबाई म्हणाली. "साल होत आलं, मी त्या माणसाला शिव्या देऊन राह्यले. समोरून गेला तरी एक शब्द बोलला न्हाई तो."

"त्या वाऱ्याला माझं नाव द्या," शिवकन्या म्हणाली.

"आता न्हाई बदलायचं ते. लोकाच्या तोंडात बसलं." साळूबाईनं पदर खोचला आणि पाळण्याजवळ आली. "लेकरू ताटकळलंय. वाक."

कोणतं नाव घ्यायचं, हे तिनं सांगितलं नाही. शिवकन्येनं बेबीनंदाकडे बघितलं.  बेबीनंदानं बाळाच्या कानावरची कुंची बोटानं बाजूला सारली.

शिवकन्या वाकली. बाळाच्या केसांना तेलाचा आणि धुरीचा वास होता. पाठीवर कुणाचाच हात पडेना. ती तशीच वाकून थांबली. मग एक धपाटा बसला, कापूस वेचून खरबरीत झालेल्या हाताचा, बारशाच्या धपाट्यापेक्षा कितीतरी जोरात. पाठोपाठ दुसरा.  मान न वळवता, बाळाच्या कानाला ओठ लावून तिनं आबांचं नाव घेतलं.