ठमीच्या नावाचा नारळ

माय मरो आणि मावशी जगो, असं म्हणतात. रतन आणि ठमीच्या नशिबी मावशी नव्हती, मामी होती. जंजिऱ्याची नवाबी गेली त्या साली पटकीत आईबाप गेले. आगरदांड्याच्या मामीने दोघींना ठेवून घेतलं खरं, पण होळी सरताच धाकटी ठमी खाडीपलीकडे दिघीच्या सोनूबाईला देऊन टाकली. सोनूबाईची एकुलती एक केसर खाडीत बुडाली होती. थोरल्या रतनला कुणी विचारलंसुद्धा नाही.

बहिणीला परत आणायचं, मामी घेईना का जीव, असं रतनने ठरवलं. सुकट विकायच्या निमित्ताने ती होडीत बसली आणि दिघीला उतरली.

अंगणात ठमी बोंबील वाळत घालत होती. अंगात त्या मेलेल्या पोरीचा परकर, अगदी मापाचा.

"ठमे!"

पोर दचकली. धावत येऊन तिने रतनच्या तोंडावर हात ठेवला.

"ताय, त्या नावानं हाक मारू नको! आयेनं दर्याला नारळ दिलाय. ठमी तुला दिली, माजी केसर मला दे, म्हनून. आता मी केसर हाय. ठमी म्हनून कोनी बोलावलं नि मी ओ दिली, तर दर्या मला नेनार."

एखाद्या शिकलेल्या माणसाने हसून सोडलं असतं. पण ही कोळ्याची पोर. दर्याला दिलेला नारळ परत मागता येत नाही, हे तिला ठाऊक होतं.

"तुजी आये कुठं हाय?"

"विहिरीवर."

"मग चल, बिगी बिगी!"

होडी सुटता सुटता दोघी चढल्या. ठमी तिला बिलगून बसली, तेव्हा किती दिवसांनी रतनला हायसं वाटलं. पाणी ओलांडेपर्यंत नाव घ्यायचं नाही, एवढं तिने स्वतःला बजावलं.

होडी जराशी आत गेली आणि सोनूबाई किनाऱ्यावर दिसली. कळशी टाकून ती गुडघाभर पाण्यात शिरली. आता केसरच्या नावाने टाहो फोडेल, असं रतनला वाटलं. फोडला असता तर बरं झालं असतं. बाई रडली नाही की भांडली नाही. घरात चुकूनही न घेतलेलं नाव तिने घेतलं, तेही पोरीला जेवायला बोलवावं तशा मायेने.

"ठमे! ए ठमे!"

रतनने झडप घालून बहिणीचे कान दाबले. पण आवाज रोजच्या सवयीचा होता. पोरीने मान वळवली.

"ओ, आये!"