घेऱ्याबाहेरची खडकवाडी

शिवकन्या परभणीला कॉलेजात संगणक शिकवायची. गोदाकाठच्या जनावरांत लंपीची साथ शिरली, तेव्हा जनावरांचे डॉक्टर बन्सीधर तिच्याकडे आले. साथीच्या गावांभोवती घेरा घालायचा होता. घेऱ्यातलं जनावर बाहेर जायला नको, म्हणून सीमेवर नाके हवेत. नाक्यांना माणसं मात्र मोजकीच. कुठली गावं आत घेतली तर साथीचं नुकसान आणि पहाऱ्याचा खर्च मिळून ओझं सगळ्यांत कमी पडेल?

वाड्या-वस्त्या दोन हजारांवर. शेजारची दोन गावं आत घेतली की मधला नाका वाचायचा, एकच नाका तीन वाटा सांभाळायचा. नेमक्या उत्तराला सहा दिवस लागणार होते. शिवकन्यानं जवळपासचं उत्तर देणारी पद्धत लावली. अर्ध्या तासात यादी आली. तिनं गावांचा क्रम बदलून तीच पद्धत पुन्हा चालवली, तर दुसऱ्या यादीतून सोनपेठकडची खडकवाडी गळाली होती. एकूण आकडा जवळपास तोच.

"ही दुसरीच द्या. नाक्यावरची दोन माणसं वाचायलीत," डॉक्टर म्हणाले.

"सर, चूक शेकडा एकाच्या आतच आहे, पण ती एकूण आकड्यात. नेमकी कुठल्या गावावर पडेल, ते यातून कळत नाही."

"एक टक्काच तर हाय, मॅडम. सहा दिवस कोण थांबणार?"

तिनं यादी दिली. नेमकं उत्तर काढणारं यंत्रही चालू ठेवलं. सातव्या दिवशी सकाळी ते उत्तर आलं. खडकवाडी आत होती.

शिवकन्या मिळेल त्या एसटीनं खडकवाडीला निघाली. फाट्यावर नाका नव्हता. गुरांनी भरलेला एक टेम्पो तिच्यासमोरून मोठ्या रस्त्याला लागला. तिनं हात केला, पण तो थांबला नाही.

पहिल्याच गोठ्यात आश्रुबा नावाचा म्हातारा बैलाजवळ बसला होता.

"चार दिस झाले बाई, वैरणीला तोंड लावंना," तो म्हणाला.

तिनं बैलाच्या मानेवर हात ठेवला. कातड्याखाली सुपारीएवढ्या गाठी होत्या. हात मागे, पाठीवर नेला, तिथंही होत्या.

"याचा जोडीदार कुठाय, बाबा?"

"त्यो परवाच इकला की. पोखर्णीकडचा मानूस घिऊन गेला."

"आणखी कुणी दिली जनावरं?"

"लय जनांनी. बाकी गावं बंद हायती नव्हं? आमचीच वाट उघडी, मग गिऱ्हाईक हिकडंच यायलंय."

तिनं डॉक्टरांना फोन लावला. गाठी आणि विक्री, दोन्ही सांगितलं.

"किती गेली?" त्यांनी विचारलं.

शिवकन्या घरोघर फिरली. दुपारपर्यंत विकलेली एकोणचाळीस जनावरं निघाली, अकरा गावांना गेलेली. त्यातलं एकही गाव घेऱ्यात नव्हतं, आणि अर्धी गल्ली अजून विचारायची राहिली होती.